पलटण आणि मुलूख : मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इतिहासातील माणदेश

१

पायदळाच्या पलटणीचा इतिहास दोन अंगांनी लिहिता येतो. एका अंगाने पाहिले असता पलटणीची स्थापना, तिचे बदलत गेलेले क्रमांक, तिने लढलेल्या लढाया आणि तिला मिळालेले सन्मान हे इतिहासाचे विषय ठरतात. दुसऱ्या अंगाने पाहिले असता ज्या मुलखाने पलटणीला माणसे पुरविली तो मुलूख, तेथील शेती, पाऊस, जातिव्यवस्था आणि घरोघरचे वियोग हे इतिहासाचे विषय होतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे लेखन इंग्रजी अमदानीपासून होत आले आहे. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने फार थोडे गेले. सातारा जिल्ह्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला आटपाडीपर्यंतचा माणदेश यांच्या संदर्भात या दुसऱ्या अंगाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मुलूख आणि पलटण यांचे नाते कायद्याने बांधलेले असेल तर इतिहासाची साधने किती समृद्ध होतात, हे स्वीडनच्या उदाहरणावरून दिसते. राजा अकरावा कार्ल याने १६८२ पासून तेथे जी सैन्यव्यवस्था दृढ केली, तीत प्रत्येक प्रांताने राजसत्तेशी करार करून सामान्यतः १,२०० शिपायांची एक पायदळ पलटण कायम उभी ठेवावयाची होती. काही शेतघरांचा मिळून एक गट होई आणि त्या गटाने एका शिपायास पोसावे असा नियम होता. शिपायास एक लहान घर व जमिनीचा तुकडा मिळे. शांततेच्या काळात तो तेथे शेती करी. युद्धात तो पडला तर त्याच गटाला त्याच्या जागी दुसरा माणूस द्यावा लागे. भरती होताच शिपायास ‘शूर’, ‘चपळ’ अशा अर्थाचे एक छोटे उपनाव मिळे आणि ते हजेरीपटावर नोंदले जाई. ही व्यवस्था १९०१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा होऊन मोडीत निघाली. परंतु तिने मागे ठेवलेल्या पटांमुळे १७०९ मध्ये पुल्टावाच्या रणांगणाकडे गेलेला शिपाई कोणत्या गावचा होता हे आजही शोधता येते.

महाराष्ट्रात मुलूख आणि पलटण यांचे नाते याहून कमी घट्ट नव्हते. पण ते कोणत्याही करारात लिहिले गेले नाही. त्या अलिखितपणाचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

२

आज ‘मराठा’ या नावाने ओळखली जाणारी पलटण आरंभी त्या नावाची नव्हती. तिच्या सर्वांत जुन्या बटालियनची, म्हणजे ‘जंगी पलटणी’ची, उभारणी १७६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई शिपायांची दुसरी बटालियन म्हणून केली. पुढच्याच वर्षी ‘काळी पाचवी’ उभी राहिली. इतर घटक १७९७ ते १८०० या काळातील आहेत. या पलटणींचे काम मुंबई बेट व कंपनीच्या वखारी राखणे आणि कंपनीच्या शत्रूंशी लढणे हे होते, आणि त्या शत्रूंमध्ये मराठी सत्ता अग्रभागी होती. शिपायांचा भरणा प्रथम मुख्यतः कोकणातून होई. रत्नागिरी जिल्हा ही मुंबई फौजेची जुनी भरतीभूमी होती. त्या भरतीत मराठा, महार, मुसलमान आणि इतरही अनेक जातींचे लोक एकाच पलटणीत असत. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा बहुमान काळ्या पाचवीस १८४१ मध्ये मिळाला. आदल्या वर्षी बलुचिस्तानातील काहानचा किल्ला तिने वेढ्यात राहून राखला होता, त्याचे ते पारितोषिक होते.

जातिवार पलटणींची कल्पना प्रबळ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लष्करी जाती व बिगरलष्करी जाती असा भेद सरकारी धोरण झाल्यावर १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या कंपनीच्या व राणीच्या चाकरीत गेल्या होत्या, त्यांना एका हुकमाने अपात्र ठरविण्यात आले. या अन्यायाविरुद्ध निवृत्त शिपाई गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा एक झाल्या. १९०३ मध्ये किचनेरच्या पुनर्रचनेत मुंबईच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या पलटणींना ‘मराठा’ हे नाव मिळाले. नाव मराठ्यांचे असले तरी तीत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. कॅप्टन बेथॅम याने १९०८ मध्ये भरती-अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेचे नावच या दोन समाजांना जोडणारे आहे. १९२२ मध्ये हे सहा घटक एकत्र येऊन ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ बनली. ११४ वी ही तिची शिक्षण-बटालियन झाली, आणि बेळगाव हे पलटणीचे घर ठरले.

यावरून असे दिसते की, पलटणीची प्रादेशिक व जातीय ओळख ही तिच्या जन्माबरोबर आलेली नसून ती प्रशासकीय निर्णयांनी घडविलेली आहे. मात्र घडविलेली ओळख खोटी असते असे नाही. ज्या फौजेने मराठी राज्य बुडविण्यास हातभार लावला, तिच्याच वारस पलटणीत शिवछत्रपतींच्या नावाने रणघोष होतो, आणि ४ फेब्रुवारी हा सिंहगड घेतल्याचा दिवस पलटणीचा दिवस म्हणून पाळला जातो. पुणे येथील शिवस्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसविण्यात आली, तीही याच प्रक्रियेची एक पायरी होय. सरकारने शिपायांना एक नाव दिले. शिपायांनी त्या नावात आपला स्वतःचा इतिहास भरला.

३

कोकणाबरोबर देशावरील भरती वाढत गेली, तेव्हा सातारा जिल्ह्याचे महत्त्व वाढले. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात तो वीस इंचांच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. बाजरी, ज्वारी आणि मेंढरे यांवर चालणाऱ्या या मुलखात एक पाऊस हुकला की घरातील एका तरी माणसाला बाहेर पडावे लागे. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी हा क्रम पक्का केला. म्हसवडजवळ राजेवाडीचा मोठा तलाव पहिल्या दुष्काळातील कामातून उभा राहिला. पण दुष्काळी काम संपले की मजुरी संपे. गावाबाहेर नेणाऱ्या कायमच्या वाटा दोनच होत्या : मुंबईची गिरणी आणि पलटण.

या दोहोंत पलटणीचे आकर्षण वेगळे होते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. ही रक्कम मोठी नव्हती. परंतु ती पावसावर अवलंबून नव्हती आणि पुरेशी सेवा झाल्यास तिच्यामागे पेन्शन येई. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पेन्शन म्हणजे न आटणारी विहीर होती. भरतीची पद्धतही गावाच्या घडणीला मानवणारी होती. रजेवर आलेला शिपाई परत जाताना आपला भाऊ, पुतण्या किंवा भावकीतील तरुण बरोबर नेई. त्यामुळे एका कंपनीत एका पट्ट्यातील, काही वेळा एका आडनावाची, अनेक माणसे असत. सैन्याच्या दृष्टीने हे ऐक्याचे साधन होते. गावाच्या दृष्टीने मात्र तीत मोठा धोका होता, कारण एका दिवसाच्या लढाईत एकाच गल्लीतील अनेक घरे उघडी पडू शकत.

याच मुलखातील दुष्काळ, लष्करी चाकरी आणि जातिभेद यांची गाठ एका प्रसंगात स्पष्ट दिसते. लष्करातून निवृत्त झालेले रामजी सकपाळ हे माणला लागून असलेल्या खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. १९०१ मध्ये त्यांचे पुत्र भीमराव साताऱ्याहून त्यांना भेटण्यासाठी निघाले असता मसूर स्थानकापासून पुढच्या प्रवासात त्यांना अस्पृश्यतेचा जो अनुभव आला, तो डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. बाप सरकारी लष्करात सुभेदार होता, ही गोष्ट मुलाला पाणी मिळवून देऊ शकली नाही. आणि त्या सुमारास त्याच्या समाजाला लष्कराचे दारही बंद झालेले होते. १९१७ मध्ये युद्धाची निकड पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारण्यात आली व १९२१ मध्ये मोडण्यात आली. महार रेजिमेंट बेळगाव येथे १ ऑक्टोबर १९४१ रोजी स्थापन झाली, तेव्हा कोठे ते दार पुन्हा उघडले.

४

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची खरी रणभूमी मेसोपोटेमिया ही होती. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली ही फौज टेसिफोनहून मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे तुर्की वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न संपत आल्यावर घोडे मारण्यास आरंभ झाला. पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. गावात परतल्यावर पंक्तीत बसावयाचे आहे, हा विचार त्या नकारामागे होता. रक्तपितीने माणसे खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांची ही फौज शरण गेली. अधिकाऱ्यांना आणि शिपायांना वेगळे करण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी चालविण्यात आले, आणि हिंदी कैद्यांतील अनेकांना रास-अल-ऐनकडील रेल्वेच्या कामावर लावण्यात आले. कैदेत मेलेल्यांची संख्या मोठी होती. त्याच आघाडीवर ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकत येथे ११४ व्या पलटणीने पराक्रम गाजविला, आणि ११७ वीस युद्धोत्तर ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पलटणीच्या इतिहासात कुतनंतर शरकत येते. गावाच्या इतिहासात कुतचे रिकामे घर शरकतने भरून निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धातही यश आणि आपत्ती यांचा हाच मेळ दिसतो. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर तिसऱ्या बटालियनने महत्त्वाचे शिखर जिंकले. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले, तेव्हा दुसरी बटालियन कैद झाली. इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांना हयातीत, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारे पराक्रम घडले. घाडगे हे कुलाबा जिल्ह्यातील, तर जाधव अहमदनगर जिल्ह्यातील. याच काळात सातारा जिल्ह्यात दुसरा संघर्ष पेटला होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पुढे प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. ज्या जिल्ह्यातील मुलगे सरकारसाठी समुद्रापलीकडे लढत होते, त्याच जिल्ह्यात सरकारची सत्ता झुगारली जात होती. हा विरोधाभास वाटतो, पण तो वरवरचा आहे. पलटणीशी असलेले नाते हे राजनिष्ठेचे नव्हते. ते भाकरीचे, भावकीचे आणि मानाचे होते. म्हणूनच १९४७ मध्ये राज्य बदलले तरी ते नाते तुटले नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. नाते अलिखित राहिल्याने काय झाले?

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत दगडी फलक बसविले. त्यांवर या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतकी मरण पावली, एवढाच मजकूर असे. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव शेहेचाळीस मृतांच्या आकड्याने प्रसिद्ध आहे आणि त्याच्या नावाला ‘मिलिटरी’ हे विशेषणच चिकटले आहे. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये जे स्मारक उभारले, त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी सैन्यातील मात्र अधिकाऱ्यांचीच नावे आली आणि शिपायांचा पलटणवार आकडा देण्यात आला. हा भेदभाव होता, अशी कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात दिली आणि क्षमाही मागितली. अशा रीतीने गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडा, असे झाले. गाव आणि रणभूमी यांना जोडणारा जो दुवा, म्हणजे माणसाचे नाव, तोच दोन्हीकडून गळून पडला.

हे अपरिहार्य होते असे मात्र म्हणता येत नाही. पंजाबात १९१९ मध्ये सुमारे तीन लाख वीस हजार शिपायांच्या गाववार नोंदवह्या तयार झाल्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात टिकून राहिल्या आणि २०२१ पासून त्यांचा काही भाग अभ्यासकांना खुला झाला. स्वीडनचे हजेरीपट आणि पंजाबच्या नोंदवह्या ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात : शिपायाचे नाव गावासह नोंदले गेले, तरच पलटणीचा इतिहास समाजाचा इतिहास होऊ शकतो.

माणदेशाच्या बाबतीत हे काम करण्याची साधने पलटणीच्या इतिवृत्तांपेक्षा गावांतच शोधली पाहिजेत. घरोघरी जपून ठेवलेली पदके हे त्यांतील पहिले साधन होय. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे स्मारकाने जे नाकारले ते धातूच्या कडेवर शिल्लक आहे. पेन्शनचे कागद, वारसनोंदी, मनिऑर्डरीच्या पावत्या, देवळाच्या पायरीवर वा धर्मशाळेच्या भिंतीवर शिपायाने दिलेल्या देणगीचा लेख, आणि वृद्ध स्त्रियांच्या ओव्या, ही पुढची साधने होत. यांतील एकेक साधन अपुरे आहे. पण क्रमांकावरून नाव, नावावरून भावकी आणि भावकीवरून गाव असा मागोवा घेतल्यास तालुकावार शिपाई-पट पुन्हा उभा करता येण्यासारखा आहे.

या कामाला आज विशेष निकड आहे. २०२२ पासून शिपायांची भरती चार वर्षांच्या मुदतीवर होऊ लागली असून त्यांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांशांनाच पुढे नियमित सेवा मिळावयाची आहे. मुदत संपून परतणाऱ्यांना पेन्शन नाही. ज्या आधारावर कोरडवाहू मुलूख आणि पलटण यांचे अलिखित नाते दीडशे वर्षांच्या आसपास टिकले, त्यातील पेन्शनचा आधारच अशा रीतीने बदलला आहे. या बदलाचे परिणाम काय होतील हे ठरविणे इतिहासकाराचे काम नव्हे. परंतु जे नाते बदलत आहे ते मुळात काय होते, त्यासाठी कोणी काय किंमत दिली आणि ती देणाऱ्यांची नावे काय होती, हे नोंदवून ठेवणे हे निश्चितपणे त्याचे काम आहे. पलटणीच्या निशाणावर केरेन आणि कुत ही नावे आहेत. त्यांच्या शेजारी दहिवडी, म्हसवड आणि गोंदवले यांचीही नावे लिहिली गेल्यावाचून त्या निशाणाचा अर्थ पुरता लागणार नाही.