बेवारशी कुत्र्याचा वाली

चर्चगेटहून निघालेला उतारू विरार मागें टाकून सुमारें १२४ किलोमीटरांवर डहाणू रोडला उतरतो, तेव्हां फलाटावर त्याचें स्वागत बहुधा कुत्र्यांकडूनच होतें. एखादें बाकाखालीं मुटकुळें करून पडलेलें असतें, दुसरें चहाच्या टपरीपाशीं आशाळभूतपणें बसलेलें असतें, आणि एखादें तीन पायांवर लंगडत जात असतें. त्याचा चौथा पाय कोणा वाहनाखालीं सांपडलेला असतो. लोक हळहळतात, बिस्किट टाकतात व आपल्या वाटेनें जातात. ही हळहळ खोटी नसते. परंतु हळहळीचें रूपांतर औषधांत होण्यास मध्यंतरीं पुष्कळ गोष्टी घडाव्या लागतात. त्या कशा घडल्या, याचा इतिहास मुंबईचा असला तरी त्याचा एक धागा याच मुलुखांतून निघतो.

डहाणूच्या उत्तरेस संजाण. इराणांतून आलेले पारशी लोक प्रथम तेथें वसले. पुढें संजाण पडलें, तेव्हां त्यांनीं आपला पवित्र अग्नि बाहरोटच्या डोंगरांतील लेण्यांत नेला व तेथें बारा वर्षें राखला, असें परंपरा सांगते. हा डोंगर डहाणू तालुक्यांत असवली गांवाजवळ आहे. पुष्कळ शतकांनंतर इराणी कुटुंबें या बाजूस आलीं आणि घोलवडपर्यंत चिकूच्या बागा उभ्या राहिल्या. अग्नीबरोबर या लोकांनीं आणखी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे कुत्र्याविषयींचा आदर. त्यांच्यांत मृतदेहास कुत्र्याची दृष्टि पडावी असा ‘सगदीद’ नांवाचा विधि आहे. वंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय तर जवळजवळ सगळा कुत्र्यासंबंधींच आहे.

त्यांतील कांहीं गोष्टी आजच्या वाचकासहि चकित करतील. कुत्र्यास वाईट अन्न घालणें हा तेथें दंडनीय अपराध मानला आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यांत लांकडाचें लोढणें अडकवून त्याला जखडावें, आणि मग धर्मनिष्ठ माणसावर करावेत तसेच उपचार त्याच्यावर करावेत, असें सांगितलें आहे. पंधराव्या अध्यायांत याहून महत्त्वाचा नियम आहे. गाभण कुत्री कोणाच्या आश्रयास आली तर तिचा सांभाळ कोणीं करावयाचा? ज्याचें घर सर्वांत जवळ त्यानें. कुत्री कोणाची, कोणीं पाळलेली, ही चौकशीच तेथें नाहीं. पुढील सर्व भांडणें याच एका प्रश्नाभोंवतीं फिरलेलीं आहेत, म्हणून हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा.

हिंदूंना तरी कुत्रा परका कोठें आहे? खंडोबापाशीं तो आहे, दत्तात्रेयाच्या पायाशीं तो आहे. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव महाराज प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतात. स्वर्गाच्या दारांत धर्मराज अडून बसला तो कुत्र्यासाठींच. मात्र देवळांत आणि कथेंत कुत्र्याला मिळालेला मान रस्त्यावर त्याच्या वांट्याला फारसा आला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां १८३२ सालच्या मुंबईकडे वळूं. संजाणच्या पारशांचे वंशज तोंपर्यंत तेथें व्यापारांत व गोदींत मोठे झाले होते. मोकाट कुत्र्यांना वर्षांतून ठराविक दिवसांत ठार मारावें, असा कायदा तेथें १८१३ पासून होता. १८३२ मध्यें ही मुदत जूनपर्यंत लांबविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठरलें. त्या काळीं आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. मग व्हावयाचें तेंच झालें. इनामाच्या लोभानें घराच्या ओट्यावरचीं, पाळलेलीं कुत्रींहि ओढून नेऊन मारण्यांत येऊं लागलीं. इनाम डोक्यामागें मिळत असलें म्हणजे डोकें कोणाचें हें कोण पाहतो!

६ जून रोजीं पारशांचा सण होता. त्याच दिवशीं वस्तींत कुत्रीं मारण्याचें काम चालू असलेलें पाहून सुमारें दोनशे पारशांचा जमाव शिपायांवर तुटून पडला. दुसरे दिवशीं बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदु, जैन व खोजेहि त्यांत सामील झाले, आणि कुलाब्याच्या फौजेकडे जाणारी रसद वाटेंतच अडली. अखेर फौज बोलवावी लागली, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि खटले चालले. मुंबईच्या इतिहासांतील ही पहिली दंगल म्हणून गणली जाते. पुढें अनेक दंगे या शहरानें पाहिले. पण पहिला दंगा मुक्या जनावरासाठीं झाला आणि त्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक एका बाजूस होते, ही गोष्ट शाळेंतील इतिहासांत सहसा सांगितली जात नाहीं.

दंगल शमली तेव्हां जमशेटजी जीजीभाई यांनीं मध्यस्थी केली. सरकारनेंहि कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर हलविण्याचें धोरण पत्करलें. पण शहराबाहेर म्हणजे कोठें? त्यांना तेथें खावयाला कोण घालणार? या प्रश्नाचें उत्तर म्हणून १८३४ मध्यें जमशेटजी आणि जैन सावकार मोतीशेट अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला. आज भुलेश्वराजवळचा पांजरपोळ म्हटला कीं डोळ्यांपुढें गाईच येतात. त्याच्या स्थापनेमागें रस्त्यावरचीं कुत्रीं होतीं हें त्या वाटेनें रोज जाणाऱ्यांसहि ठाऊक नसतें.

पांजरपोळानें आसरा दिला. परंतु आसरा निराळा आणि उपचार निराळा. मोडलेला पाय नुसत्या दाणापाण्यानें सांधत नाहीं. ही उणीव भरून निघण्यास आणखी अर्धें शतक गेलें. १८७४ मध्यें प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी मंडळी मुंबईंत स्थापन झाली, आणि १८८३ मध्यें दिनशॉ माणकजी पेटिट यांच्या देणगीनें परळ येथें त्यांच्या पत्नीच्या नांवानें बाई साकरबाई रुग्णालय उभें राहिलें. लोकांनीं त्याचें नांव ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असें ठेवलें, आणि तें नांवच सारें सांगतें. ट्रामचा घोडा आणि खटाऱ्याचा बैल हे कमाई करणारे प्राणी. त्यांना मालक होता, म्हणून दवाखान्यापर्यंत आणणाराहि होता. कुत्र्याला दवाखान्याचें दार उघडें होतें, पण त्याला तेथवर आणावयाचें कोणीं? १८८६ मध्यें त्याच आवारांत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें आणि जनावरांचे डॉक्टर तयार होऊं लागले.

कुत्र्यास हात लावण्यास माणूस कचरतो त्याचें खरें कारण निर्दयता नव्हे, भीति आहे. आणि ती भीति निराधार नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी सहसा वांचत नाहीं. १८८५ मध्यें पाश्चर यांनीं जोझेफ मायस्टर या मुलाला लस टोंचून वांचविलें. पुढें परळच्याच हाफकिन संस्थेंत ही लस तयार होऊं लागली. पोटांत घ्यावयाच्या चौदा सुया ज्यांनीं घेतल्या आहेत ते त्यांची आठवण विसरत नाहींत. आतां त्या इतिहासजमा झाल्या असून दंडांत थोड्याच सुयांनीं काम भागतें. चावा बसतांच जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून काढावी आणि लगेच दवाखाना गांठावा, हें मात्र आजहि तितकेंच खरें आहे.

१९२६ मध्यें हा वाद अहमदाबादेस पुन्हां पेटला. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनीं आपल्या आवारांतील साठ मोकाट कुत्रीं मारविलीं, आणि गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ मध्यें त्यांची सर्वस्वीं निंदा करण्याचें नाकारलें. अहिंसेच्या उपासकाकडून ही अपेक्षा कोणीच केली नव्हती. त्यांच्यावर पत्रांचा भडिमार झाला. त्यांचा मुद्दा असा, कीं मोकाट कुत्रें हें समाजाच्या निष्काळजीपणाचें फळ आहे, आणि जबाबदारी न घेतां त्याच्यापुढें तुकडा टाकणें ही दया नव्हे. मारण्याविषयींचें त्यांचें मत अनेकांना रुचलें नाहीं व आजहि रुचणार नाहीं. परंतु तुकड्याविषयींचें मत फलाटावर बिस्किट टाकून गाडी पकडणाऱ्या प्रत्येकानें मनाशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

मुंबई महापालिकेनें कुत्रीं मारण्याचा क्रम विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालू ठेवला. कुत्रीं कांहीं कमी झालीं नाहींत. उकिरडा होता तोंवर वांचलेल्यांचीं पिलें मोकळी जागा भरून काढीत. मग नसबंदी करून, लस टोंचून कुत्रें मूळच्या जागीं सोडावयाचें, हा मार्ग आला. त्याचे नियम केंद्र सरकारनें २००१ मध्यें केले व २०२३ मध्यें नव्यानें केले. नव्या नियमांत अशा कुत्र्याला वस्तीचा प्राणी म्हटलें आहे, म्हणजे ज्या वस्तींत तो राहतो तिच्याशीं त्याचें नातें मान्य केलें आहे. वंदिदादाच्या जवळच्या घराची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

हें सारें परळला घडलें. डहाणू रोड मात्र परळपासून दूरच राहिलें. तालुक्यांतील सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाईम्हशी, शेळ्या यांच्यासाठीं. वन्यजीव व प्राणिकल्याण यांसाठीं डहाणूंत एक स्वयंसेवी संघटना आहे. वनखात्याच्या साह्यानें ती जखमी समुद्री कांसवांवर उपचार करते, आणि त्या कामाकरितां तिचें नांव दूरवर गेलें आहे. परंतु तलासरीकडच्या पाड्यावर महामार्गाच्या कडेला पडलेलें कुत्रें पाहणाऱ्यास पहिला अर्धा तास स्वतःच निभावून न्यावा लागतो. दुखावलेला प्राणी ओळखीच्या माणसासहि चावतो, म्हणून त्याला धाप लागलेली नसेल वा ओकारी होत नसेल तर प्रथम मऊ कापडाच्या पट्टीनें त्याचें तोंड बांधावें, मग फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर त्याला सरकवावें, पाय ओढूं नये. आधीं जखडावें, मग उपचार करावा, हा क्रम त्या जुन्या ग्रंथांतहि होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचीं सर्व मोकाट कुत्रीं निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला, आणि अकरा दिवसांनीं तो बदलून पिसाळलेलीं व अंगावर येणारीं वगळतां बाकीचीं नसबंदीनंतर मूळ जागीं सोडण्यास सांगितलें. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं शाळा, इस्पितळें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें येथून कुत्रीं हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. स्थानकांत डहाणू रोडहि आलें. १८३२ मध्यें मुंबईचीं कुत्रीं शहराबाहेर न्यावयाचें ठरलें, आणि त्यांच्याकरितां पांजरपोळ उभा राहण्यास दोन वर्षें लागलीं होतीं.