आवाज बंद करून पाहिलेली मॅच

२५ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आदल्या रात्री दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा विकेटने हरला होता. दहावीच्या वर्गात माझी हजेरी संपते न संपते तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, शमीने जानबूझ के रन दिए क्या?" रात्री मोबाइलवर त्याने तसं वाचलं होतं. वर्ग एकदम गप्प झाला. हा प्रश्न एकट्याचा नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

तास मराठीचा होता, पण मी फळ्यावर धावफलक लिहिला. पाकिस्तान बिनबाद १५२, षटकं १७.५. शमीच्या नावावर ३.५ षटकांत ४३ धावा. "आता सांगा, विकेट कोणाला मिळाली?" मुलं म्हणाली, "किसी को नहीं." पाच जणांनी गोलंदाजी केली, पाचही जणांची पाटी कोरी. "मग पाचांपैकी एकाचंच नाव का?" याचं उत्तर कोणी दिलं नाही, मीही दिलं नाही. पण तो मुलगा खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा जरा मोकळा वाटला.

त्या दिवसापासून मी क्रिकेटच्या समालोचनाकडे वेगळ्या कानाने ऐकू लागलो. चेंडू कुठे पडला, किती वळला, क्षेत्ररक्षक कुठे उभा होता, हा तपशील कोणाचा धर्म विचारत नाही. तपशील संपला की त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसतं.

भारतातल्या क्रिकेट समालोचनाची सुरुवात कुठे झाली ते पाहिलं तर गंमत वाटते. नोव्हेंबर १९३४, मुंबईचं एस्प्लनेड मैदान, चौरंगी स्पर्धा. सामना पारशी विरुद्ध मुस्लिम. माइकसमोर ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे सगळ्यांचे 'बॉबी'. स्वतः पारशी. संघांची नावंच धर्माची असताना हा माणूस एकटा दिवसभर बोलायचा, जेवण आणि चहाची सुट्टी सोडली तर अखंड. पुढे आकाशवाणीने माइक इतरांशी वाटून घ्यायला सांगितलं तेव्हा त्याने काम सोडलं. हट्टी होताच. पण मालकाने सांगितलं म्हणून बोलणारा नव्हता.

ही स्पर्धा पुढे पंचरंगी झाली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हा असे सामने बंद व्हावेत असंच त्यांनी सांगितलं. मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'ने तीच बाजू लावून धरली आणि त्या पत्राचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. हे नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. तरीही मैदानावरचं चित्र एकरंगी नव्हतं. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका विकेटने हरवलं आणि त्या विजयाचा आधार होता मुंबईचा सलामीवीर के. सी. इब्राहिम. तोच इब्राहिम चार वर्षांनी भारताकडून वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळला. १९४६ नंतर पंचरंगी बंद पडली. संघांवरची धर्माची पाटी गेली. प्रेक्षकांच्या मनातली गेली का, हा प्रश्न मला त्या सोमवारी वर्गात भेटला.

माझं बालपण मालेगावचं. घरात उर्दू, गल्लीत उर्दू, शाळेत उर्दू. मराठी कानावर पडायची ती बाजारात आणि अब्बांच्या ट्रान्झिस्टरवर. आकाशवाणीच्या मराठी समालोचनातून मी 'पायचीत' शब्द शिकलो, 'निर्धाव षटक' शिकलो, 'यष्टिरक्षक' हा तर जिभेला व्यायाम होता. बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांच्या पिढीने मराठीत ही वाट पाडली. रेडिओवाल्याला झाकायला जागाच नसते. त्याने सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून तो वाऱ्याची दिशासुद्धा सांगायचा. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या, त्याचं टीव्हीवरचं चित्रणच नाही. ती खेळी आपल्यापर्यंत आली ती निव्वळ शब्दांवर आणि धावफलकावर.

टीव्ही आमच्या मोहल्ल्यात एका कारखानदाराच्या घरी होता. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि शारजातल्या मॅचही बहुतेक शुक्रवारी. १८ एप्रिल १९८६ ला जावेद मियांदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तोही शुक्रवारच. मी आठ वर्षांचा. खोलीत कोणी ओरडलं, कोणी कपाळावर हात मारला, आणि कपाळावर हात मारणारे जास्त होते. हे सांगितलं तर आजही काहींना खोटं वाटतं.

चित्राच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही, ते सुधारतच गेलं. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात केरी पॅकरला प्रक्षेपणाचे हक्क मिळेनात, तेव्हा त्याने खेळाडूच विकत घेतले आणि स्वतःची स्पर्धा काढली. त्याच्या चॅनेल नाइनने मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. त्याआधी एका षटकात फलंदाज समोरून दिसायचा, तर पुढच्या षटकात यष्टिरक्षकाची पाठ पाहायची. त्याच चॅनेलवरचे रिची बेनो हे चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडावं, या मताचे होते. १९९२ मध्ये डर्बनला टीव्ही पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला आणि पहिला बळी गेला आपल्या सचिनचा. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत हॉक-आय दिसलं.

आपल्याकडे दूरदर्शन होतं. ऐन रंगात बातम्या, किंवा 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि सरकार यांच्यात कोर्टबाजी झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. निकाल मोठा होता. सरकारच्या हातून सुटलेला आवाज मग बाजाराच्या हाती गेला. २००८ च्या आयपीएलमध्ये साधा षटकारसुद्धा एका बांधकाम कंपनीचं नाव लावूनच सीमारेषेबाहेर जायचा. क्रिकेट मंडळाने समालोचकांशी स्वतःच करार केले. निवड, कारभार, पंचांच्या फेरनिर्णयाची पद्धत यांवर बोलायचं नाही, असं कळल्यावर २०१३ मध्ये इयान चॅपेलने भारतातल्या मालिकेचं काम नाकारलं. मला त्या क्षणी तल्यारखान आठवला.

जो माणूस मैदानावरच्या गोष्टींवर मोकळेपणी बोलू शकत नाही, तो बोलणार काय? 'महामुकाबला', 'बदला', 'रणसंग्राम'. २०१५ च्या विश्वचषकातली 'मौका मौका' जाहिरात आमच्या मुलांना पाठ होती. कॅमेराही तसाच निवड करतो. भारत-पाक सामन्यात विकेट पडली की गर्दीतल्या दाढी-टोपीवाल्या चेहऱ्यावर तो का थांबतो, हे मला कधी नीट कळलेलं नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोच्या कसोटीत हाशिम अमलाने संगकाराचा झेल घेतला. जाहिरात सुरू झाली असं समजून समालोचक डीन जोन्स त्याला 'टेररिस्ट' म्हणाला. माइक चालू होता. वाहिनीने त्याला काढलं, त्याने माफी मागितली. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो आणि माझीही दाढी होती. बरेच दिवस मी तो शब्द विसरलो नाही. पण जोन्सची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे तो पाकिस्तानात इस्लामाबाद युनायटेडचा प्रशिक्षक झाला, त्या संघाने दोनदा पाकिस्तान सुपर लीग जिंकली, आणि तिथल्या लोकांनी त्याच्यावर जीव लावला. सप्टेंबर २०२० मध्ये आयपीएलच्या समालोचनासाठी मुंबईत असताना तो वारला. बातमी वाचून मला वाईट वाटलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

आणि ही खोड एकाच बाजूची आहे असं कोणी समजू नये. शमीला शिव्या पडत होत्या त्याच आठवड्यात वकार युनूस पाकिस्तानी वाहिनीवर म्हणाला की रिझवानने हिंदूंच्या मध्ये उभं राहून नमाज पढली हे त्याला सगळ्यात आवडलं. नंतर त्यानेही माफी मागितली. पण रिझवान त्या दिवशी नाबाद ७९ खेळला होता. त्याच्या फटक्यांबद्दल बोलायला काय कमी होतं?

३१ जानेवारी १९९९. मी बी.एड.ला होतो, वसतिगृहाच्या टीव्हीच्या खोलीत मुस्लिम मी एकटाच. चेन्नईची कसोटी. सचिन पाठदुखीसह १३६ वर खेळत होता. सतरा धावा हव्या असताना सकलेनने त्याला बाद केलं आणि खोलीतल्या काही माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघत राहिलो. शेवटचे चार बळी चार धावांत गेले, भारत बारा धावांनी हरला. मग पडद्यावर प्रेक्षक उभे राहिलेले दिसले. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारत होता आणि चेन्नई टाळ्या वाजवत होती. कॅमेरा तिथेच राहिला. खोलीत कोणीतरी एकाने टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी.

हल्ली महिन्यातून एका शनिवारी मी वर्गात जुन्या मॅचचा तुकडा आवाज बंद करून लावतो. मुलांनी समालोचन करायचं, मराठीत किंवा उर्दूत. नियम एकच, जे दिसतंय तेवढंच सांगायचं. गेल्या वेळी चेन्नईचा तो शेवट लावला. आठवीतला एक मुलगा बोलत होता, मध्येच अडखळला. "सर, ये लोग किसके लिए ताली बजा रहे हैं?"

मी म्हणालो, "दिसतंय ते सांग."

तो परत पडद्याकडे वळला. "हरी टोपीवाले दौड़ रहे हैं... और सब लोग खड़े हैं."