पैठणीच्या आधीची फुगडी

डिसेंबर सरत आला की शाळांची गॅदरिंगं सुरू होतात. त्याच दिवसांत गच्चीवर किंवा अंगणात जमलेल्या मंडळींपुढे एकच पेच असतो: जेवण तयार होईपर्यंत करायचं काय? कुणी खुर्च्या गोलात मांडतं, कुणी आतून उशी आणतं, कुणी कागदी ग्लासांचा मनोरा रचतं. पुण्यातली सोसायटी असो की परभणी जिल्ह्यातलं राणीसावरगाव, खेळांची यादी साधारण तीच असते: संगीत खुर्ची, तळ्यात-मळ्यात, गाण्याच्या भेंड्या, हाउजी. ही यादी एका दिवसात जमलेली नाही. तिच्यातला एकेक खेळ वेगवेगळ्या वाटेनं इथवर आला, आणि काही खेळ तर आधीपासून इथेच होते.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात वसलेलं आहे. रेणुकादेवीच्या देवळामुळे आसपासच्या मुलखात ते ओळखीचं. या मुलखात वर्ष एकदाच संपत नसे. घरात ते चैत्री पाडव्याला बदले आणि कचेरीत निजामाचं फसली साल चाले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे 31 डिसेंबर हा इथला तसा उशिराचा पाहुणा. पण त्याच सुमाराला माणसं गोळा होऊन जेवण्या-खेळण्याची रीत मात्र जुनी आहे. शेजारच्या लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस होते. शेतात कडब्याची कोप उभारायची, भज्जी, उंडे, आंबील करायची, आल्यागेल्याला हाताला धरून बसवायचं. जेवणं झाली की पोरं झाडाला झोका बांधतात. 2024 साली येळवस 30 डिसेंबरला आली होती, म्हणजे शहरातल्या पार्टीच्या एक दिवस आधी!

बायकांच्या खेळांचा हंगाम मात्र पावसाळ्यातला. मंगळागौरीचं नाव आता सर्वतोमुखी झालं असलं, तरी मराठवाड्यातल्या खेड्यांत खरा मान पंचमीचा. नागपंचमीला लेकी माहेरी येत, झोके बांधले जात आणि फुगड्यांनी अंगण दणाणून जाई. फुगडीला साहित्य काय लागतं? चार हात आणि चार पाय. हातांची अढी घालायची, पावलं जवळ आणायची, अंग मागे झोकून द्यायचं आणि समोरचीवर विश्वास ठेवून गरगरायचं. एकीनं हात सोडला तर दोघी पडणार. तिचे प्रकार तरी किती: बसफुगडी, दंडफुगडी, तिघींची, चौघींची. सोबतीला झिम्मा, पिंगा आणि सासू-सुनेची जुगलबंदी. एरवी जे तोंडातून काढायची सोय नाही, ते सासूसमोरच गाण्यात म्हणून घ्यायचं! सरोजिनी बाबर यांनी हे धन ‘स्त्रियांचे खेळ आणि गाणी’ या पुस्तकात गोळा केलं नसतं, तर त्यातलं बरंच अंगणातच विरून गेलं असतं.

या खेळांना लिखित इतिहास नाही असं वाटतं, पण तो आहे, आणि तोही भलत्याच जागी: संतांच्या गाथांत. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. तिथून गोदावरीच्या काठाकाठानं वर गेलं की पैठण लागतं. तिथे सोळाव्या शतकात एकनाथांनी फुगडी, पिंगा, हमामा, हुतुतू यांवर भारुडं रचली. पुढे देहूला तुकारामांनी विटुदांडू, चेंडूफळी, टिपरी यांवर अभंग रचले. अध्यात्म सांगायला त्यांना खेळ हाताशी लागले, कारण ऐकणारा प्रत्येक जण ते खेळलेला होता. हुतुतूत गडी ‘मरतो’ आणि आपल्या बाजूनं समोरचा गडी मारला की पुन्हा ‘जिवंत’ होतो. जन्म-मरणाच्या फेऱ्यावर बोलणाऱ्याला याहून सोपा दाखला कुठे मिळणार?

इथे एक बारकावा आहे. मरून पुन्हा जिवंत होण्याची ही सोय संगीत खुर्चीत नाही. गाणं थांबलं, जागा मिळाली नाही की उठायचं आणि कडेला जाऊन बसायचं. हा खेळ इंग्रजी वळणाच्या शाळांबरोबर आपल्याकडे रुळला. जर्मनीत त्याला ‘जेरुसलेमची सफर’ म्हणतात. एकेक गडी गळत शेवटी एकच उरतो. पार्टीत पहिल्याच फेरीत बाद झालेला पाहुणा पुढचा अर्धा तास मोबाइल चाळत बसतो तो यामुळेच. तळ्यात-मळ्यातचंही तसंच, फक्त तो भराभर आटोपतो, आणि त्याचं नाव आता कुंपणावरच्या पुढाऱ्यांसाठीच जास्त वापरलं जातं.

भेंड्यांचं तसं नाही. गाणं सुचलं नाही तर गटावर भेंडी चढते, पण कुणी उठून जात नाही. सिनेमाची गाणी यायच्या कितीतरी आधी या भेंड्या श्लोकांच्या आणि आर्यांच्या होत्या. वामनपंडित, मोरोपंत पाठ असणं हे तेव्हा शिकल्याचं लक्षण, आणि पंगतीत श्लोक म्हणणं हा जेवणाचाच भाग. शेवटच्या अक्षरावरून पुढचा श्लोक उचलायचा. ‘ण’ किंवा ‘ळ’ वाट्याला आला की तेव्हाही तीच पंचाईत होत असणार. हिंदी सिनेमानं या खेळाला नवा खुराक दिला. 1989 च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये अंताक्षरीचा भलामोठा प्रसंग आला, 1993 मध्ये झी टीव्हीवर तिचा कार्यक्रमच सुरू झाला आणि 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’नं उशी फिरवण्याचा खेळ लग्नघरांत नेऊन सोडला.

हाउजीची गोष्ट निराळी. तिचं मूळ इटलीत. सांगतात की 1734 मध्ये नेपल्सच्या राजानं सरकारी सोडत चालू ठेवली, पण धर्मगुरूंच्या आग्रहाखातर नाताळच्या आठवड्यात ती बंद ठेवायचं कबूल केलं. लोकांनी मग तोच खेळ घरात मांडला आणि त्याला नाव पडलं तोंबोला. आपण त्याचं तंबोला केलं. हाउजी हे दुसरं नाव इंग्रजी फौजेतलं. छावणी आणि क्लब अशा वाटेनं ती गणेशमंडळांपर्यंत पोचली. सत्तावीस घरांचं तिकीट, त्यात पंधरा आकडे, पुकारायचे नव्वद. डोकं लागत नाही, धावावं लागत नाही, आजी आणि नातू एकाच पायरीवर. म्हणजे वर्षाखेरीचा खेळ म्हणून ती जन्मापासूनच बेतलेली.

मग 2004 साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ आलं. आदेश बांदेकर घरोघरी गेले, वहिनींना छोटे-छोटे खेळ खेळायला लावले आणि जिंकणारीला पैठणी दिली. बघता बघता गावोगावी, मंडळांत, हळदीकुंकवांत ‘खेळ पैठणीचा’ सुरू झाला. निवडणुका जवळ आल्या की त्याचे मांडव वाढतात, हेही आता नवं राहिलेलं नाही. 2022 मध्ये ‘होम मिनिस्टर’च्याच ‘महामिनिस्टर’ पर्वात बक्षिसाची पैठणी 11 लाखांवर गेली. फुगे फोडणं, ग्लास रचणं, उखाणा घेणं हे खेळ साधेच राहिले. वाढले ते दोन जण: माइक धरणारा आणि बक्षीस देणारा. पंचमीच्या अंगणात हे दोघेही नव्हते. दमलेली बाजूला होई आणि दुसरी तिच्या जागी येई, की झालं.

फुगडीचं हे जुनं रूप बघायचं असेल तर मांडवात नव्हे, आषाढीच्या वाटेवर उभं राहावं. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत परळीकडे जाते. पंढरीच्या वाटेवर विसावा मिळाला की टाळ खाली ठेवून वारकरी फुगडीला उभे राहतात. त्यात बायका असतात, बाप्ये असतात, साठी उलटलेले असतात. धोतराचा सोगा खोचून दोघे हातांची अढी घालतात आणि बाकीचे गोल करून टाळ्या धरतात. चक्कर आली की थांबायचं आणि एकमेकांच्या पाया पडायचं. तोवर पुढची जोडी पदर खोचून तयारच असते.