डाकोटा : प्रवासी कंपन्यांचे आणि हवाई दलांचे विमान

डग्लस कंपनीच्या डीसी-३ या दोन इंजिनांच्या विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियात पहिले उड्डाण केले. १९३६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ते प्रवासी सेवेत आणले. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच सैनिकी आवृत्ती दहा हजारांच्या आसपास निर्माण झाली. ब्रिटिशांनी तिला ‘डाकोटा’ हे नाव दिले. युद्ध संपताच ही विमाने स्वल्प किमतीत विक्रीस निघाली आणि साध्या धावपट्टीवरही उतरू शकणारे हे विमान अनेक नवोदित कंपन्यांचा आधार ठरले. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेली डेक्कन एअरवेज ही त्यांपैकीच एक.

या विमानाच्या दुहेरी उपयोगाचे मोल २७ ऑक्टोबर १९४७ रोजी कळून आले. टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत येऊन ठेपले होते आणि श्रीनगर वाचवायचे होते. हवाई दलाच्या डाकोटांची संख्या अपुरी होती. तेव्हा खासगी कंपन्यांची डाकोटा विमाने वैमानिकांसह पुढे आली आणि शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी याच जातीचे विमान लेहला उतरविले.

१९५३ मध्ये या कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. हवाई दलांचा इतिहास सांगताना या प्रवासी कंपन्यांचा उल्लेख क्वचितच होतो. श्रीनगरच्या रक्षणाचे श्रेय मात्र दोघांनाही द्यावे लागेल.