तीनशे पंधराची कुळकथा

कोल्हापूर जिल्ह्यात पीक राखणाऱ्या परवानाधारक शेतकऱ्याकडे सहसा ठासणीची बंदूक असते, नाहीतर बारा बोरची. एखाद्या जुन्या घरात तीनशे पंधराची रायफल निघते. गाव शाहूवाडीच्या डोंगरातलं असो की महामार्गालगतचं उचगाव, निवड या तिघींतच फिरते.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं तसं नाही. तिकडचा कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ. त्याच्यासाठी काडतूस निवडताना तो माणूस अंतर बघतो, वारा बघतो, कातडं किती फाटेल याचाही विचार करतो. विंचेस्टरची १९३५ ची .२२० स्विफ्ट आणि रेमिंग्टनने १९६५ साली बाजारात आणलेली .२२-२५० ही अशा लांबच्या, लहान जनावरांसाठी नावाजलेली काडतुसं. गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीन हजार फुटांहून अधिक. आपल्याकडे मात्र बोर, म्हणजे नळीचं माप, ठरवला तो राज्यकर्त्यांच्या धास्तीने, आणि ती धास्ती वाढवण्यात आपल्या मुलखाचाही वाटा आहे.

१८४४ साली सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केलं. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई उठले. त्याच वर्षी हत्यारं सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी तो धुडकावला आणि त्यांच्यावर फौज चालून गेली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. हातातलं हत्यार गेलं म्हणजे रानाची राखणही गेली, हे दुःख त्या कायद्याच्या इतिहासात फारसं कुणी लिहीत नाही.

तीनशे पंधराचा जन्म याच धोरणातला. ब्रिटिश फौजेची रायफल .३०३ ची. तिची काडतुसं लष्करातून चोरीला जाऊन खासगी बंदुकीत चालतील, ही सरकारची भीती. म्हणून हिंदुस्थानात तो बोर खासगी हातात द्यायचा नाही असं ठरलं. पण शिकारीला रायफल तर हवी होती. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डचाच सांगाडा घेतला आणि त्यात परक्या फौजेच्या काडतुसाची नळी बसवली. हे काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मान्लिखर रायफलचं, १८८८ सालच्या घराण्यातलं, आठ मिलिमीटरचं. इंचात मोजलं की .३१५. इथल्या फौजेच्या कोठारात ते नव्हतंच, त्यामुळे चोरीचा प्रश्न मिटला. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने याच बोरच्या रायफली बनवल्या. व्हिएन्नाच्या सैनिकासाठी घडलेलं काडतूस असं आपल्या शिवारात पोहोचलं. त्याची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची, म्हणजे त्या कायोटीच्या गोळीच्या चौपटीहून जड, आणि वेग जेमतेम दोन हजार फूट. कोल्ह्यासाठी ती फारच मोठी. रानडुकराला मात्र पुरेपूर.

बारा बोरचं कुळ याहून जुनं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. व्यास साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोर बाराहून बारीक असते ती यामुळेच. रायफलीच्या नळीत आतून पेच असतात, गोळी गरगरत जाते आणि लांबवर नेम धरते. बारा बोर आतून गुळगुळीत.

स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला तेव्हा हा फरक त्यात जसाच्या तसा उतरला. तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंची नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक देता येते. रायफलीचं नाव त्या तरतुदीत नाही. ठासणीच्या बंदुकीत पावसाळ्यात दारू सादळते, एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत डुकरांचा कळप अर्धा फड तुडवून जातो. कायदा करणाऱ्यांनी अशी राखणीची रात्र जागून काढली नव्हती, असं मला ठामपणे वाटतं.

परवाना बंदुकीचा मिळाला म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही. रानडुकरासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. कोल्हा तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला बार टाकायचा विचारही करू नये. उसात तो राहतो, उंदीर-घुशी खातो, थोडा ऊसही चावतो. तेवढं नुकसान सोसावं.

डुकराची परवानगी हाती असली, तरी उचगावच्या सपाट शिवारात मी तीनशे पंधरा घेऊ देणार नाही. उसाचा फड संपतो तिथे वस्ती सुरू होते, पलीकडे महामार्ग वाहतो, आणि चुकलेली रायफलीची गोळी दोन किलोमीटरपुढेही माणूस मारू शकते. तिथे बारा बोरच हवी, मोजक्या जाड छऱ्यांचं एलजी काडतूस घालून, माळ्यावर बसून, नळी जमिनीकडे झुकवून, जनावर तीस-चाळीस पावलांत आल्यावरच. शाहूवाडीच्या उतारावर, जनावरामागे डोंगराची भिंत असेल तिथे, तीनशे पंधरा चालेल.