अवघड शब्दांचा पहिला कोश

अवघड इंग्रजी शब्द अडला की आपला विद्यार्थी मनातून खट्टू होतो. परक्यांची भाषा, आपल्याला ती कशी साधणार, असं त्याला वाटतं. पण श्रोतेहो, ज्याला पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश मानतात, तो निघाला कोणासाठी? खुद्द इंग्रजांसाठीच!

सोळाव्या शतकात इंग्लंडातील पंडितांनी लॅटिन, ग्रीक, फ्रेंच या भाषांतून भराभर शब्द उचलले. सामान्यांना ते उमजेनात. लोक थट्टेने त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणू लागले. १५५३ साली टॉमस विल्सनने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात या मंडळींची चांगलीच टर उडविली. यांच्या आया हयात असत्या, तर त्यांनाही आपल्या लेकरांचं बोलणं कळलं नसतं, असा त्याचा टोला होता.

पण नुसत्या थट्टेने अडलेल्याची अडचण सुटते थोडीच! १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने 'टेबल अल्फाबेटिकल' हे छोटेखानी पुस्तक काढले. हा शिक्षक, पूर्वी धर्मोपदेशकही होता, पण प्युरिटन मतांपायी ती जागा गेलेली. स्त्रिया आणि बेताचे शिकलेले लोक यांना धर्मग्रंथांत व प्रवचनांत अडणारे सुमारे २,५०० शब्द त्याने निवडले आणि बहुतेकांचे अर्थ एकदोन शब्दांतच दिले. अक्षरानुक्रम तेव्हा वाचकांच्या इतका अंगवळणी पडलेला नव्हता, की 'ए'चा शब्द आरंभी पाहा, 'व्ही'चा शेवटाकडे पाहा, हेही त्याला समजावून सांगावं लागलं!

मात्र एका शब्दाला दुसरा शब्द जोडला, म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशात ४० हजारांवर शब्द दिले आणि ते कसे वापरले जातात हे दाखविण्यासाठी नामवंत लेखकांची एक लाखावर अवतरणे घातली. आपल्याकडे मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. त्यातही एकेका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी प्रतिशब्द दिसतात; प्रसंग पाहूनच त्यांतला नेमका निवडावा लागतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी शब्द जरूर शिकावेत. पण नुसती यादी घोकण्यापेक्षा तो शब्द ज्या वाक्यात भेटला, ते वाक्य टिपून ठेवावं. आणि शब्द अडला तर त्यात लाजायचं काय? इंग्रजांनाही तो अडलाच होता.