खेड्यातील औषध दुकान : नांदेड-लातूर परिसराचा एक मागोवा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदानाची थोरवी आपण प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. औषध विकणाऱ्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक दान असो वा विक्री, औषध रोग्याच्या मुखी पडायचे तर ते आधी कोणीतरी गावात आणून ठेवावे लागते, उंदीर-घुशींपासून, उन्हापासून जपावे लागते आणि अवेळी दार उघडून द्यावे लागते. आपल्या भागातील कितीतरी जैन कुटुंबे किराणा आणि कापडाच्या जोडीने या व्यवसायात आली व टिकली. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने या साध्या दुकानाचा इतिहास एकत्र मांडावा आणि ते आज कोणत्या वळणावर उभे आहे तेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वैद्यकाशी आपल्या परंपरेचे नाते जुने आहे. नवव्या शतकातील आचार्य उग्रादित्य यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ मद्य, मांस आणि मध यांवाचून चिकित्सा करता येते, या भूमिकेतून रचलेला आहे. त्याच्या अखेरच्या भागातील मांसनिषेधाचे प्रतिपादन राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या सभेत झाल्याचे मानले जाते. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे इतिहासकारांचे मत आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटकालीन महत्त्वाचे नगर. हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हिंदी अनुवादासह संपादित केला व तो १९४० साली सोलापूरहून प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, भारतातील आधुनिक औषध कायदाही त्याच वर्षाचा आहे.

परंतु तो कायदा त्या वेळी आपल्याला लागू नव्हता. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना असे, कोठे युनानी तर कोठे इंग्रजी पद्धतीचा. खेड्यात वैद्य, हकीम आणि किराणा दुकान. सुंठ, ओवा, बाळहिरडा, सोनामुखी, एरंडेल ही सर्व औषधे वाण्याच्या बरणीतच मिळत. पेटंट औषधे, म्हणजे बाम, ग्राइप वॉटर आणि हिवतापावरील क्विनाइन, ही रेल्वेने आली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली, तर बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यामुळे नांदेडची बाजारपेठ हैदराबाद आणि मनमाडशी जोडली गेली, तर लातूरची बार्शी-कुर्डुवाडीशी. मुंबईचा माल संस्थानात आणताना करोडगिरी, म्हणजे संस्थानी जकात, भरावी लागे आणि व्यवहार हाली शिक्क्यात होई. औषधाची बाटली खेड्यात पोहोचेपर्यंत तिच्यावर किती हात पडत असतील याची कल्पना यावरून यावी.

पोलीस कारवाईनंतर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये औषध कायदा हैदराबादसह ‘ब’ वर्गातील राज्यांना लागू झाला. त्या काळातील औषधव्यवस्थेचा खरा कणा कंपाउंडर होता. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि कंपाउंडर मिश्रण तयार करी. रोग्याने बाटली घरून आणायची, तिच्यावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची आणि एका दात्याइतका डोस घ्यायचा, ही पद्धत ज्येष्ठ मंडळींच्या चांगलीच स्मरणात असेल. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणे हे नोंदणीकृत व्यक्तीचे काम ठरविले, तरी पहिली नोंदवही तयार करताना अनुभवी कंपाउंडरांनाही तिच्यात जागा ठेवली. हा शहाणपणाचा निर्णय होता. पदवीधर मिळेपर्यंत दवाखाने बंद ठेवणे परवडणारे नव्हते.

इथे कायद्याच्या एका अंगाकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण पुढील सर्व वाद त्यातूनच निघाला आहे. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील १९३०-३१ च्या चौकशी समितीसमोर प्रश्न होता तो बनावट व निकृष्ट औषधांचा. कायदा झाला तो मुख्यतः त्यासाठी, आणि तो योग्यच होता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले, त्या घटनेने या कायद्याची गरज पुन्हा सिद्ध केली. परंतु नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर शहरातील दुकान होते. तेथे किमान दहा चौरस मीटर जागा, शीतपेटी आणि दुकानात हजर असलेला फार्मासिस्ट सहज असू शकतो. खेड्यासाठी १९४५ च्या नियमावलीत वेगळ्या वाटा ठेवण्यात आल्या. फार्मासिस्टची गरज नसलेल्या औषधांपुरता मर्यादित परवाना ही एक वाट. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात, जेथे औषध मिळण्याचे दुसरे साधनच नाही, तेथे फिरत्या विक्रेत्याला परवाना देण्याची तरतूद ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे ‘अनुसूची के’. एक हजारापेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावात अॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, आम्लपित्ताच्या गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याचे औषध, टिंक्चर आयोडीन, निलगिरी तेल अशी घरगुती औषधे विनापरवाना विकता येतात. अट अशी की ती परवानाधारकाकडून खरेदी केलेली आणि मूळ सीलबंद वेष्टनात असावीत. किराणा दुकानातील गोळ्यांची पट्टी बेकायदा आहे असे सरसकट समजणाऱ्यांनी ही तरतूद वाचावी.

परवानाधारक ‘मेडिकल’ खेड्याखेड्यात दिसू लागले ते प्रामुख्याने १९८० नंतर. डी.फार्म.चे दोन वर्षांचे शिक्षण देणारी महाविद्यालये नांदेड आणि लातूरला आली. लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. शिकलेल्या मुलाने शहरात नोकरी शोधण्याऐवजी गावच्या बाजारपेठेत दुकान घालावे, असा पर्याय प्रथमच निर्माण झाला. माल जिल्ह्याच्या ठोक विक्रेत्याकडून येई. सकाळी फोनवर यादी द्यायची आणि दुपारच्या एसटीने खोके यायचे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एसटी संपात ज्यांचा माल या मार्गाने येई त्यांना ठोक विक्रेत्यापर्यंत स्वतः जावे लागले वा खाजगी वाहनाचा आधार घ्यावा लागला. त्याआधीच्या दशकातील भारनियमनाचा त्रास तर विसरण्याजोगा नाही. इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास वीज नसे. छोट्या दुकानदाराला बर्फ आणून, थर्मासमध्ये ठेवून ते सांभाळावे लागे किंवा ‘तालुक्याहून आणा’ असे सांगावे लागे.

आणि उधारी! सोयाबीन, कापूस विकून पैसा हाती येईपर्यंत औषधाचे बिल वहीत राहते, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. परवान्याच्या कोणत्याही अटीत उधारीचा उल्लेख नाही. तरीही खेड्यातील औषधपुरवठा बराचसा तिच्यावरच उभा आहे. ओळखीच्या माणसाचे मूल रात्री फणफणले तर दुकानदार पैशाची वाट पाहत नाही.

या व्यवसायातील दोषही नमूद केले पाहिजेत. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेऊन त्याच्या गैरहजेरीत दुकान चालविण्याची प्रथा खेड्यांत तसेच शहरांतही बोकाळली होती. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांच्या कारकिर्दीत, २०१२-१३ च्या सुमारास, याविरुद्ध राज्यभर मोहीम झाली आणि विक्रेत्यांनी बंद पुकारले. प्रतिजैविके कोणी कशी द्यावीत याला शिस्त हवीच. या बाबतीत प्रशासनाची बाजू मला अधिक योग्य वाटते. त्याचप्रमाणे नव्या दुकानदाराने संघटनेचे ‘ना हरकत’ पत्र आणल्याशिवाय त्याला माल मिळू न देण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये आक्षेप घेतला, तोही रास्त होता. ज्या गावात दुकानच नाही, तेथे दुकान घालू इच्छिणाऱ्याला शहरातील संघटनेची परवानगी कशाला?

आता विष्णुपुरीकडे वळू. नांदेडपासून आठ-दहा किलोमीटरवर, लातूरच्या रस्त्याला गोदाकाठी वसलेल्या या गावाचे नाव गेल्या चार दशकांत सर्वतोमुखी झाले. गोदावरीवरील प्रकल्प, अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आणि पुढे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून रुग्ण येथे येतात. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातूनही येतात. याच रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती आणि त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्येच झाला होता. कारणांची चर्चा तज्ज्ञांनी करावी. आपल्या विषयापुरता मुद्दा इतकाच की, सरकारी साठ्यात औषध नसले की नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेर धावतात. विष्णुपुरीत मोठ्या रुग्णालयाशेजारी ते धावू शकतात. किनवटच्या पाड्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातील साठा संपला तर धावायचे कोठे? एकाच रस्त्यावर कितीही दुकाने झाली तरी कायदा अडवीत नाही, कारण दोन दुकानांमधील अंतराची अट त्यात नाही. आणि जेथे एकही नाही तेथे कोणी जावे म्हणून प्रोत्साहनही नाही.

खेड्यातील दुकान चालते कशावर, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा मिळतो. मुदत संपलेला माल, वीज, भाडे आणि बुडीत उधारी यातूनच भागवायची. त्यामुळे दुकानाला जगवतात ते रक्तदाब व मधुमेहाचे महिन्याचे महिन्याला येणारे गिऱ्हाईक. रात्रीचे तापाचे औषध, क्षारसंजीवनीचे पाकीट, वर्षातून दोनदा लागणारे इंजेक्शन हे सर्व या नियमित विक्रीच्या आधारावर ठेवले जाते. आज पंधरा-वीस टक्के सवलत देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या व शहरातील साखळी दुकाने नेमके हेच महिन्याचे गिऱ्हाईक घेऊन जातात. ती सवलत म्हणजे खेड्यातील दुकानदाराचा जवळजवळ सगळा नफा होय. रुग्णाचे चार पैसे वाचतात, ही गोष्ट खरी आहे, आणि गरिबाला ती कमी महत्त्वाची नाही. पण रात्री दार उघडणारा गेला तर ती बचत पुरणार नाही.

औषध विक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने यासाठी ऑक्टोबर २०१५, मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये बंद पाळले. २०१८ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबविण्याचा आदेश दिला. करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये, परवानाधारक दुकानांना घरपोच औषधाची मुभा देण्यात आली. विक्रेत्यांच्या मते तिचा लाभ मोठ्या कंपन्यांनीच उठविला. बंद पाळण्याच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. औषध दुकान बंद ठेवून औषधाच्या उपलब्धतेसाठी लढणे मला तरी पटलेले नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २००३ ते २०१८ या काळात ग्रामीण भागातील १,२३१ स्वतंत्र औषध दुकाने बंद पडली. तेथील नॉर्थ डाकोटा या शेतीप्रधान, विरळ वस्तीच्या राज्याने १९६३ मध्येच कायदा करून औषध दुकानाची बहुसंख्य मालकी नोंदणीकृत फार्मासिस्टकडेच असावी असे ठरविले होते. साखळी कंपन्या न्यायालयात गेल्या. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने कौल दिला, आणि २०१४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनीच फेटाळला.

आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेने स्वस्त औषधांची मोठी सोय केली. परंतु तिची केंद्रे साहजिकच शहरांत व तालुक्याच्या ठिकाणी अधिक दिसतात. २०२३ पासून गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांना जनऔषधी केंद्र चालविण्याची वाट मोकळी झाली, ही त्यातील सर्वांत उपयोगी सुधारणा मानावी लागेल. सोसायटीला गावात जागा असते, हिशेब ठेवणारा सचिव असतो आणि पीक कधी येते हे तिला माहीत असते. अडचण राहते ती फार्मासिस्टची. येथे आपल्या समाजातील डी.फार्म., बी.फार्म. झालेल्या मुला-मुलींनी विचार करण्यासारखे आहे, आणि सेवाभावी संस्थांनी औषधवाटप शिबिरावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग अशा एखाद्या फार्मासिस्टच्या वेतनाकडे वळविता येईल का, हेही पाहावे.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरला उपचार झाले होते. त्यानंतर ‘अनुसूची के’मधील घरगुती औषधांच्या यादीतून ‘सिरप’ हा शब्द वगळण्याचा प्रस्ताव पुढे आला. विष कारखान्यात मिसळले होते आणि ते औषध बव्हंशी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले गेले होते. तरीही लहान मुलांच्या औषधाबाबत सावधगिरी चुकीची म्हणता येणार नाही. फक्त ज्या हजार वस्तीच्या गावातून ही बाटली उचलली जाईल, तेथे तिच्या जागी परवानाधारक विक्रेता कोण पाठवणार, याचे उत्तर त्याच आदेशात यावे. फिरत्या विक्रेत्याच्या परवान्याची तरतूद नियमांत पूर्वीपासून आहे. किनवट-माहूरच्या वाड्यातांड्यांसाठी ती वापरून पाहता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.